गोक्रिप्टएफएस सोर्सवरून बांधून ऑफिससाठी डेब पॅकेज करायचंय, कुठून सुरुवात करू?

चरई_चौक (सोमवार, रात्री १०:१२)

मंडळी, नमस्कार. नौपाड्यात एका सीए ऑफिसमध्ये मी हिशेबाबरोबर संगणकांचंही बघते. ज्याला थोडं येतं त्याच्याच गळ्यात घंटा, तसं झालंय. आठ मशिनं आहेत, सगळीकडे लिनक्स मिंट २१. अशिलांची पॅन कार्डं, बँक स्टेटमेंटं, फॉर्म १६ असा सगळा ऐवज एका सामायिक फोल्डरमध्ये उघडा पडलेला असतो आणि तो रात्री जसाच्या तसा क्लाउडवर जातो. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आल्यापासून आमचे सर अधूनमधून विचारतात, "ते कुलूप लावायचं काय झालं?"

शोधाशोध करून गोक्रिप्टएफएसवर (फोल्डर एन्क्रिप्ट करणारा, म्हणजे कुलूपबंद करणारा प्रोग्रॅम) आले आहे. प्रत्येक फाइल वेगळी एन्क्रिप्ट होते, त्यामुळे एक ओळ बदलली म्हणून पूर्ण डबा परत अपलोड होत नाही, हे मला फार पटलं. अडचण अशी की दोन मशिनं जुनी आहेत. त्यांच्या सीपीयूत एईएस या नेहमीच्या एन्क्रिप्शन पद्धतीच्या सूचनाच नाहीत (सीपीयूइन्फो बघितलं, फ्लॅग्जमध्ये 'एईएस' नाही). त्यांच्यासाठी एक्सचाचा२० ही दुसरी पद्धत चांगली म्हणतात, पण तो पर्याय गोक्रिप्टएफएसच्या २.२ पासून आला आणि मिंटच्या भांडारात त्याच्या आधीची आवृत्ती आहे. म्हणजे सोर्सवरून (मूळ कोडवरून) बांधणं आलं.

बांधून बघितलं, होतंय. प्रश्न पुढचा आहे: आठ मशिनांवर ते डेब पॅकेज (डेबियन-मिंटचा इन्स्टॉल करायचा गठ्ठा) करून नीट कसं पोचवू? प्रत्येकीवर जाऊन 'सुडो मेक इन्स्टॉल' छापाचं काही करायची इच्छा नाही.

वागळे_रोड२२ (सोमवार, रात्री १०:३१)

ताई, एवढा खटाटोप कशाला? प्रकल्पाच्या पानावर तयार स्टॅटिक बायनरी (सगळ्या लायब्रऱ्या आत घेतलेला तयार प्रोग्रॅम) असते. उतरवा, यूझर-लोकल-बिनमध्ये टाका, घरी जा.

खाडीतला_रोहित (सोमवार, रात्री १०:५८)

@वागळे, एका लॅपटॉपसाठी बरोबर आहे तुझं. पण आठ मशिनं आहेत, आणि उद्या त्या बायनरीत काही निघालं तर कुठल्या मशिनवर कुठली आवृत्ती पडली आहे हे कोण सांगणार? पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या डीपीकेजीला तर त्या फाइलचा पत्ताच नसतो. सहा महिन्यांनी ताई सुट्टीवर आणि दुसरंच कोणीतरी एपीटी अपग्रेड मारून "सगळं अद्ययावत आहे" म्हणणार. नाही ते!

आणि मोठा मुद्दा. गो भाषेतली स्टॅटिक बायनरी म्हणजे क्रिप्टोचा सगळा कोड तिच्या पोटात. ओपनएसएसएल या क्रिप्टो लायब्ररीशी डायनॅमिक (बाहेरून) जोडलेला प्रोग्रॅम असेल तर डिस्ट्रोने ओपनएसएसएल दुरुस्त केलं की तोही आपोआप दुरुस्त. गोमध्ये तसं नाही. गोच्या स्वतःच्या लायब्ररीत दोष निघाला तर गोक्रिप्टएफएसची एक ओळही न बदलता तुम्हाला नव्या गो कंपायलरने परत बांधावं लागतं. 'गो व्हर्जन -एम' आणि पुढे बायनरीचं नाव दिलं की ती कुठल्या गोने आणि कुठल्या मॉड्यूलांनी बांधली ते छापून येतं. 'गोव्हल्नचेक' त्यातले माहीत असलेले दोष सांगतं. बांधणं दहा मिनिटांचं काम आहे हो, पण त्यानंतर त्या बायनरीचं पालकत्व तुमच्याकडे येतं.

कंपायलर_काका (सोमवार, रात्री ११:२०)

रोहितशी सहमत. चित्त थाऱ्यावर ठेवून बांधणार असाल तर बांधा. आधी एक विचारतो: सोर्स नक्की कुठून घेतला? गिटमधून (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं भांडार) की टारबॉल (एका फाइलीत बांधलेला गठ्ठा)? आणि सही तपासली का?

चरई_चौक (सोमवार, रात्री ११:२६)

टारबॉल काका. 'एसआरसी-डेप्स' नावाचा, ज्यात सगळ्या लायब्रऱ्या आतच असतात तो. सोबतच्या एएससी फाइलने जीपीजीत (डिजिटल सही तपासणारा प्रोग्रॅम) सही तपासली, 'गुड सिग्नेचर' आलं. खाली "ही की विश्वासार्ह असल्याची खात्री नाही" अशी ओळही आली, ती सगळ्यांनाच येते ना?

कंपायलर_काका (मंगळवार, पहाटे ५:४८)

येते, आणि सगळेच तिच्याकडे काणाडोळा करतात. ती ओळ एवढंच सांगते की सही गणिताने जुळली, पण किल्ली त्याच माणसाची आहे का हे तुम्ही बघा. की-चा फिंगरप्रिंट (तिची छोटी ओळखखूण) निदान दोन वेगळ्या ठिकाणांहून पडताळा. डेबियनच्या सोर्स पॅकेजमध्ये 'डेबियन/अपस्ट्रीम' फोल्डरात बहुतेक वेळा लेखकाची की ठेवलेली असते, पडताळायला ती उत्तम जागा.

पण सही जुळली म्हणजे माल चांगला, असं नाही. हे मी उगाच पाल्हाळ लावत नाही, २०२४ चं एक्सझेड (फाइली दाबून लहान करणारा प्रोग्रॅम) प्रकरण आठवा. मार्च २०२४ च्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या पोस्टग्रेस डेटाबेसवाल्या माणसाच्या लक्षात आलं की एसएसएच (दुरून) लॉगइनला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपल्यातला कोणी चहाचा घोट घेऊन पुढे गेला असता. त्याने खणत खणत एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ मधला चोरदरवाजा बाहेर काढला. सुरक्षादोषांच्या यादीत त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२४-३०९४.

त्यातली या धाग्याशी संबंधित गोष्ट ऐका. बांधणीच्या वेळी चालून चोरदरवाजा सुरू करणारी एम४ स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच, ती फक्त रिलीझच्या टारबॉलमध्ये होती. आणि ती तपासायची की आपण ६४ बिटी इंटेल छापाच्या लिनक्सवर डेब किंवा आरपीएम पॅकेज बांधलं जात असताना चालतोय का. म्हणजे हौशी माणसाने घरी नुसतं 'मेक' केलं तर काही नाही, पॅकेजवाल्याने बांधलं की विष आत. टारबॉलवर सही होती, आणि ती प्रकल्पाच्या अधिकृत सांभाळणाऱ्याचीच होती. पाकिटावरचा शिक्का खरा, पत्र खोटं.

म्हणून माझी पद्धत: सही तपासायचीच, पण त्याशिवाय गिटमधला त्याच आवृत्तीचा टॅग उतरवून टारबॉलशी 'डिफ -आर' मारायचा, म्हणजे दोन्ही फोल्डरांतला फरक दिसतो. गोक्रिप्टएफएसच्या बाबतीत फरक 'व्हेंडर' (आत दिलेल्या लायब्रऱ्यांचं) फोल्डर आणि फार तर मॅन पानं, आवृत्तीची फाइल एवढाच दिसायला हवा. व्हेंडर फोल्डरचंही डोळे झाकून घ्यायचं नाही. गिटच्या प्रतीत 'गो मॉड व्हेंडर' चालवा, गो.सममधल्या हॅशशी (फाइलींच्या ठशांशी) ताडून तो स्वतःच लायब्रऱ्या आणतो. मग दोन व्हेंडर फोल्डर एकमेकांशी ताडा. एक्सझेडचं लफडं या एका डिफने निदान डोळ्यांवर तरी आलं असतं.

तर्री_जास्त (मंगळवार, सकाळी ९:०५)

काका पहाटे पावणेसहाला एक्सझेडवर लिहितात आणि आम्ही ठाणे-वाशी लोकलमध्ये लटकून वाचतो. चालू द्या.

डेबभक्त (मंगळवार, दुपारी १:४०)

आता पॅकेजचं बोलू. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, महापेच्या कँटीनमध्ये गोंगाट आहे, तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

चेकइन्स्टॉल वापरा असा सल्ला कोणीतरी देईलच. ते डेब बनवतं खरं, पण अवलंबित्वं (चालायला लागणारी इतर पॅकेजं) नीट भरत नाही. ऑफिससाठी नको.

शून्यापासून 'डेबियन' फोल्डरही लिहू नका. डेबियनमध्ये गोक्रिप्टएफएसचं पॅकेज आहेच, नव्या शाखेतलं सोर्स पॅकेज 'डीगेट'ने आणा आणि त्याचं 'डेबियन' फोल्डर घ्या. इथे एक खोच आहे. डेबियनमध्ये गोची प्रत्येक लायब्ररी वेगळं पॅकेज असते, आणि बिल्ड-डिपेंड्समधल्या (बांधायला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीतल्या) त्या लायब्रऱ्यांच्या नव्या आवृत्त्या मिंट २१ वर मिळणार नाहीत. एकामागून एक बॅकपोर्ट करत (मिंट २१ साठी परत बांधत) बसलात तर दिवाळी येईल. म्हणून ताईंसाठी मधला रस्ता: फोल्डर डेबियनचं, लायब्रऱ्या काकांनी सांगितल्याप्रमाणे तपासलेल्या व्हेंडरमधल्या. बिल्ड-डिपेंड्समधल्या 'गोलँग-गिटहब' ने सुरू होणाऱ्या ओळी काढा, 'रूल्स' या बांधणीच्या फाइलमध्ये 'मॉड=व्हेंडर' सांगा. डेबियन अधिकृतपणे हे घेणार नाही, घरच्या वापराला चालतं.

बांधताना नेट बंद ठेवा. हा माझा हट्ट आहे. बिल्ड मध्येच काही उतरवायला गेलं तर ते अडखळून पडायलाच हवं.

आता अवलंबित्व. सी प्रोग्रॅमचं डेब बांधताना 'डीपीकेजी-श्लिबडेप्स' बायनरी कुठल्या लायब्रऱ्यांशी जोडली आहे ते बघून डिपेंड्सची ओळ आपोआप भरतं. गोक्रिप्टएफएसला फ्यूज (साध्या प्रोग्रॅमला फाइल सिस्टम चालवू देणारी लिनक्सची सोय) लागतं, पण ते लिबफ्यूजशी जोडलेलं नसतं. त्यातली गो-फ्यूज लायब्ररी कर्नलशी थेट बोलते आणि माउंट करण्यापुरता (फोल्डर जोडून उघडण्यापुरता) 'फ्यूजरमाउंट' हा बाहेरचा प्रोग्रॅम हाक मारून चालवते. म्हणजे श्लिबडेप्सला ते दिसतच नाही! 'कंट्रोल' फाइलमध्ये फ्यूज३ हाताने लिहिलेलं असायला हवं. डेबियनच्या फोल्डरात फ्यूज असतंच, पण साफसफाई करताना ती ओळ उडवू नका. उडाली तर पॅकेज बिनबोभाट बसतं आणि माउंट करताना फ्यूजरमाउंट सापडत नाही म्हणून रडतं.

आवृत्तीचा आकडा. समजा २.४.०-१ वरून तुम्ही बांधलंत, तर त्यामागे टिल्डे (~) लावून 'ठाणे१' असं शेपूट जोडा (अर्थात रोमन अक्षरांत). डीपीकेजीच्या हिशेबात टिल्डेवाली आवृत्ती मूळ २.४.०-१ पेक्षा लहान समजली जाते. म्हणजे उद्या मिंट श्रेणीवाढ झाली आणि तिथे अधिकृत २.४.०-१ आली, की एपीटी आपसूक तुमचं काढून तिचं बसवेल. टिल्डेऐवजी अधिक चिन्ह टाकलंत तर तुमचं पॅकेज त्या २.४.०-१ पेक्षा मोठं ठरून ठाण मांडून बसेल. 'एपीटी-मार्क होल्ड' लावून आवृत्ती गोठवून ठेवण्याची सवय तर एन्क्रिप्शनच्या पॅकेजला मुळीच नको.

वागळे_रोड२२ (मंगळवार, दुपारी २:१५)

हे सगळं वाचून वाटतं, एन्क्रिप्ट केलेला डबा करणारं व्हेराक्रिप्ट काय वाईट होतं? माझ्याकडे सात-आठ वर्षं चालतंय.

डेबभक्त (मंगळवार, दुपारी २:५०)

वाईट मुळीच नाही. २०१४ च्या मे महिन्यात ट्रूक्रिप्टवाल्यांनी (व्हेराक्रिप्ट त्याच्याच कोडवरून निघालं) अचानक दुकान बंद केलं तेव्हा त्यानेच लोकांना तारलं. पण ताईंचं काम वेगळं आहे. व्हेराक्रिप्टचा एकच मोठा डबा असतो आणि तो एका वेळी एकाच मशिनवर लिहिण्यासाठी उघडायचा. आठ जणांनी सामायिक वापरायचा तो प्रकार नाही.

बांधायचंच असेल तर: यास्म (असेंब्लर), फ्यूजच्या डेव्ह फाइल्स आणि ग्राफिकल हवं असेल तर डब्ल्यूएक्सविजेट्स लागतं. 'नोगुई=१' देऊन नुसतं टर्मिनलवालं बांधता येतं. डेबियनच्या मुख्य भांडारात ते नाही, कारण त्यातल्या जुन्या ट्रूक्रिप्ट कोडचा परवाना डेबियनला मुक्त वाटत नाही. आणि ज्यांच्याकडे जुने ट्रूक्रिप्टचे डबे पडून आहेत त्यांनी जपून: १.२६.७ पासून व्हेराक्रिप्टने ट्रूक्रिप्टचा आधार काढून टाकला. तो असलेली १.२५.९ शेवटची. ते डबे आत्ताच उघडून सामान बाहेर काढा.

हो, आणि जुनं 'फ्यूज' नावाचं पॅकेज नव्या उबंटू-मिंटवर टाकू नका कोणी. ते फ्यूज३ ला हुसकावून लावतं आणि त्याच्या मागोमाग डेस्कटॉपचे भाग निघून जातात. लिबफ्यूज२ ही वेगळी लायब्ररी, ती चालते.

चरई_चौक (बुधवार, रात्री ९:३५)

मंडळी, अहवाल. डेब तयार झालं. गिटचा टॅग आणि टारबॉल यांच्यातला फरक काकांनी सांगितला तेवढाच निघाला. जुन्या मशिनांवर 'गोक्रिप्टएफएस -स्पीड' चालवलं, तर एक्सचाचाचा आकडा गोच्या एईएसपेक्षा ठळक वर. नव्या सहांवर उलट. फोल्डर सामायिक असल्याने सगळ्यांनाच एक्सचाचा घ्यावं लागेल ना? आणि डॉकरच्या कंटेनरात (मशिनमधल्या बंदिस्त वेगळ्या जागेत) चाचण्या पडल्या, '/डेव्ह/फ्यूज' नाही म्हणून.

खाडीतला_रोहित (बुधवार, रात्री ९:५२)

चाचण्या कंटेनरात पडणारच, फ्यूजचं उपकरण आत दिलेलं नसतं. कंटेनरात फक्त बांधा, चाचण्या बाहेरच्या साध्या मशिनवर चालवा. पण चालवाच, 'रूल्स'मध्ये त्या गप्प करून पुढे जाऊ नका.

आणि हो, सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) इनिटच्या, म्हणजे फोल्डर पहिल्यांदा तयार करण्याच्या वेळी ठरतो, सगळ्यांना एकच. नव्या मशिनांना एक्सचाचाही जड जाणार नाही. लक्षात ठेवा की असा फोल्डर २.२ च्या आधीच्या गोक्रिप्टएफएसने उघडणार नाही, म्हणजे आठही मशिनांवर तुमचंच डेब हवं. आठ जण एकाच वेळी माउंट करणार तर 'शेअर्डस्टोरेज' पर्याय द्या. तो नसेल तर प्रत्येक मशिन फाइलींची माहिती आपापल्या कॅशमध्ये धरून ठेवतं आणि एकाने केलेला बदल दुसऱ्याला वेळेवर दिसत नाही.

वाटपासाठी एका मशिनवर 'रेप्रेप्रो'ने छोटं भांडार करा, एनजिनएक्स वेबसर्व्हरमधून द्या. भांडाराची की '/ईटीसी/एपीटी/कीरिंग्ज'मध्ये, सोर्सच्या ओळीत 'साइन्ड-बाय'. 'एपीटी-की' वापरायला सांगणारे लेख जुने आहेत. मग नवं डेब टाकलं की बाकीची सात आपलं रोजचं अपग्रेड करताना घेतील.

तर्री_जास्त (बुधवार, रात्री १०:४०)

एक मराठी खोच माझ्याकडून. अशिलांच्या फोल्डरांची नावं देवनागरीत आहेत का?

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा वेगळे मोजून. लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे ८५ चिन्हं. जुन्या ईक्रिप्टएफएसमध्ये ती १४३ बाइटवर यायची, म्हणजे ४७ चिन्हं, आणि "श्री. अमुक तमुक यांचे भाडेकरार व नोंदणी कागदपत्रे" इथेच संपायचं. गोक्रिप्टएफएस लांब नावं वेगळ्या 'लाँगनेम' फाइलमध्ये ठेवतं, तेव्हा तो त्रास नाही. पण क्लाउडवर त्या जोडीतली '.नेम'ची फाइल "हा काय कचरा" म्हणून कोणी पुसली तर नाव गेलं.

दुसरं, 'ऱ'. कऱ्हाडकर, गोऱ्हे, वऱ्हाडपांडे. हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं: एकसंध 'ऱ', किंवा 'र' आणि त्यावर नुक्ता. डोळ्यांना एकच दिसतं, बाइट वेगळे. लिनक्सच्या दृष्टीने ती दोन नावं, म्हणून एन्क्रिप्ट झाल्यावरही दोन. दोन जण वेगळ्या कीबोर्डांवरून टंकत असतील तर कऱ्हाडकरांचे दोन फोल्डर तयार होतात आणि निम्मी बिलं एकात, निम्मी दुसऱ्यात. एन्क्रिप्शन चालू करण्याआधी 'कन्व्हएमव्ही'ने नावं एनएफसीत (युनिकोडच्या एकसंध रूपात) करून घ्या.

चरई_चौक (बुधवार, रात्री ११:०२)

अगं बाई! आमच्याकडे खरंच दोन कऱ्हाडकर आहेत. मला वाटलं होतं काका-पुतण्या.

कंपायलर_काका (गुरुवार, पहाटे ५:३०)

हाहा. कन्व्हएमव्हीच्या आधी बॅकअप.

आता एक राहिलं ते. ताई, तुम्ही बांधताना काही पॅच लावलात का? कंपायलरची एखादी सूचना आली म्हणून एखादी ओळ इकडची तिकडे?

चरई_चौक (गुरुवार, सकाळी १०:१५)

नाही काका. हात लावायची हिंमतच नाही. का हो?

कंपायलर_काका (गुरुवार, सकाळी ११:०८)

ती हिंमत नाही तेच बरं. डेबियनसारख्या जाणत्या घरातही हे घडलंय. २००६ मध्ये ओपनएसएसएलच्या पॅकेजमध्ये मेमरी तपासणाऱ्या हत्याराची तक्रार घालवायला दोन ओळी निष्क्रिय केल्या गेल्या. हेतू स्वच्छ. पण त्यांतलीच एक किल्ल्यांना लागणाऱ्या यादृच्छिकतेत भर घालत होती. उरलं काय, तर प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे ३२,७६८ च्या आतलं काहीतरी. १३ मे २००८ ला जाहीर होईपर्यंत डेबियन-उबंटूवर तयार झालेल्या एसएसएचच्या किल्ल्या अंदाजाने काढता येण्याजोग्या होत्या. प्रोग्रॅम कुठेही अडखळत नव्हता, चाचण्या हिरव्या. कमकुवत क्रिप्टो बाहेरून अगदी धडधाकट दिसतं, म्हणून पॅकेजवाल्याने त्या भागात नुसतं नीटनेटकेपणासाठीही शिरू नये. खटकलं तर मूळ लेखकाला विचारावं.

आणि मास्टर की? इनिट करताना ६४ हेक्स अंकांची (०-९ आणि ए-एफ) छापून येते ती. 'गोक्रिप्टएफएस.कॉन्फ' फाइल गेली किंवा पासवर्ड विसरला, तर तीच एक वाट. कागदावर लिहून सरांच्या तिजोरीत. फोनवर फोटो काढून ठेवू नका, तो फोटो परत त्याच क्लाउडवर जातो.

चरई_चौक (गुरुवार, रात्री ८:२०)

कागदावर लिहिली, दोघांनी मिळून ताडून पाहिली. शेवटचा प्रश्न: नवं गो आलंय, परत बांधायला हवं, हे मला कळणार कसं? मी काही रोज बातम्या बघत नाही.

खाडीतला_रोहित (गुरुवार, रात्री ८:४४)

गोची 'गोलँग-अनाउन्स' ही टपाल यादी घ्या, फार पत्रं येत नाहीत, सुरक्षेची दुरुस्ती असेल तर आधी कळवतात. गोक्रिप्टएफएसच्या गिट पानावर फक्त रिलीझची सूचना चालू करा. आणि भांडाराच्या मशिनवर आठवड्यातून एकदा क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप) गोव्हल्नचेक चालवून काही सापडलं तरच मेल. तुमची स्क्रिप्ट टाका इथे, मी बघतो.

दुसऱ्या कोणाला तरी बांधायला शिकवून ठेवा हेही आलंच. तुम्ही सुट्टीवर असाल तेव्हाच ते पत्र येईल.

वागळे_रोड२२ (गुरुवार, रात्री ९:१०)

ठीक आहे, पटलं. पण सरांच्या लॅपटॉपवर विंडोज आहे ना ताई? त्यांनी काय करायचं?

डेबभक्त (गुरुवार, रात्री ९:१८)

विंडोजवर सीपीपीक्रिप्टएफएस आहे, तेच फॉरमॅट वाचतं. एक्सचाचा उघडतं का ते कोऱ्या फोल्डरवर आधी करून बघा, अशिलांच्या फाइलींवर नको. बाकी विंडोजसाठी वेगळा धागा काढा, इथे नको.